एक बाटली, दोन भावंडं

८ जानेवारी

मॅडमनी आज फतवा काढला. पुढचे पैसे येईपर्यंत मीडियाची उधळपट्टी बंद. मीडिया म्हणजे पेशींना रोज पाजायचं ते गुलाबीसर पाणी. घरात जसा प्रत्येकाचा टूथब्रश वेगळा, तशी आमच्याकडे प्रत्येक लाइनची, म्हणजे एकाच माणसापासून वाढवलेल्या पेशींच्या कुळाची, बाटली वेगळी असायची. आता सात आणि आठ नंबरला मिळून एकच.

मी म्हटलं, "मॅडम, पण बाटल्या वेगळ्या ठेवायचा नियम आहे ना?"

"नियम श्रीमंत प्रयोगशाळांना परवडतात. आणि सात-आठ भावंडंच तर आहेत. एका बाटलीतून प्यायली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

वकील हसला. तो खरा वकील नाही, आमच्यातला सगळ्यात जुना संशोधक आहे. कुठल्याही बाजूने तितक्याच जोरात भांडू शकतो म्हणून वकील. माझं नाव त्याने पहिल्याच आठवड्यात शंकासुर ठेवलं.

आत्या म्हणते, रोजची वही अशी लिहावी की आपल्याला न ओळखणाऱ्यालाही कळली पाहिजे. म्हणून लिहिते. कंपवात झालेल्या माणसाच्या कातडीचा तीळभर तुकडा घेतात. त्यातल्या पेशींना मागे मागे नेऊन मूळपेशी करतात, आणि मग पुढे नेऊन मेंदूतल्या चेतापेशी. कंपवातात ज्या मरतात त्याच. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, डिश उघडता येते. सात नंबर म्हणजे आजारी बहीण. आठ नंबर तिचा निरोगी भाऊ, तुलनेसाठी. नावं कुणाला ठाऊक नसतात. मला आहेत, कारण तीन वर्षांपूर्वी त्या दोघांना इस्पितळात मीच घेऊन गेले होते. आत्या आणि बाबा.

मी इथे लागले त्या दिवशीच मॅडमना सांगितलं होतं की सात-आठला मी ओळखते. कोण ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "मग तू पाज. मोजायचं मात्र नाही." म्हणून मी रोज पाजते, आणि किती जगल्या किती मेल्या ते वकील मोजतो.

१३ जानेवारी

घरी सगळ्यांचंच डोकं फिरलंय. आत्या हल्ली मुद्दाम इतकं हळू बोलते की दोनदा विचारावं लागतं. विचारलं की चेहरा रुसल्यासारखा. कशाला रुसली म्हणावं तर "मी कुठे रुसले?"

बाबांचं वेगळंच. स्वतःचं जेवण झालं की आत्याच्या ताटाकडे वळतात आणि तिचं अर्धं संपवून टाकतात. मी आज शेवटी बोलले, "बाबा, तिला जेवू द्या ना! तिला ताकदीची गरज आहे."

"थंड झालेलं मला आवडतं," बाबा म्हणाले.

साठी उलटलेली माणसं आणि एकमेकांच्या ताटात हात. तिचा चहाचा कप बशीवर वाजत होता म्हणून मी धरायला गेले, तर हातावर चापट बसली. "मी काय आजारी आहे?"

मग रोजचा प्रश्न: "आज मी कशी होते?"

म्हणजे तिच्या पेशी. हे तिला सांगणं नियमात बसतं का, मला माहीत नाही. म्हणून मी रोज एकच सांगते, "बरी होतीस." यात माहिती काहीच नाही, त्यामुळे नियमही मोडत नसावा.

१९ फेब्रुवारी

आज खूप दिवसांनी काहीतरी चांगलं लिहायला आहे. सात सुधारली!

सात पहिल्यापासून किरकिरी. आठची डिश भरून वाहायला लागायची तेव्हा ही कुठेतरी कोपऱ्यात चार पुंजके करून बसलेली. गेले दोन आठवडे मात्र अशी फोफावली आहे की आठच्या तोडीस तोड. पूर्वी तिचा मीडिया दुसऱ्या दिवशीही गुलाबी असायचा, आता सकाळी बघावं तर पिवळा, म्हणजे पेशींनी भरपूर खाल्लेलं.

वकील म्हणाला, "काय पाजतेस तिला, शंकासुर?"

मी काही वेगळं पाजत नाही. पण हे खरं आहे की मी हल्ली सातकडे जास्त वेळ बसते. डिश हलक्या हाताने उचलते, ऊबपेटीचं दार पटकन लावते. काळजी घेतली की कळतं, पेशीलासुद्धा. हे शास्त्रीय विधान नव्हे हे मला माहीत आहे. पण वाटलं ते लिहिलं.

४ मार्च

सातच्या मूळपेशी आजपासून चेतापेशी करायला घेतल्या. त्यांना 'ब' द्यायचं आहे. 'ब' हे मॅडमचं औषध, सहा वर्षांचं काम.

मी विचारलं, "बिनऔषधाच्या डिश किती लावायच्या?"

"नाही लावायच्या. दुप्पट मीडिया कुठून आणू? बिनऔषधाची सात मागच्या वर्षी मेलेली आपण मोजली आहेच. तिच्याशी तुलना करू."

"पण मागच्या वर्षीचं आणि या वर्षीचं..."

"तू ना," मॅडम म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीसुद्धा नवऱ्याचं ओळखपत्र मागशील."

सगळे हसले. मीही हसले. मग दिवसभर चिडचिड झाली, त्यांच्यावर की माझ्यावर ते ठरेना.

२२ एप्रिल

पूरक निधी! मूळ अनुदान जूनमध्ये संपतंय, पण निधीवाल्यांनी मेंदूच्या आजारांवर मूळपेशींचं काम करणाऱ्यांसाठी वरचे पैसे जाहीर केले आहेत. अट एकच: आधीपासून चालू असलेलं काम असावं, आणि ते पुढे नेण्यासारखं काहीतरी हातात असावं. मे अखेरपर्यंत अर्ज.

मॅडम दिवसभर पळत होत्या. मिळाले तर दोन वर्षांची निश्चिंती. नाही मिळाले तर जुलैपासून आम्ही सगळे 'बघू' या खात्यातून पगार घेणार. माणसं एक वेळ थांबतील, पण गोठवलेल्या लाइनी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आहेत, आणि टाकी भरायची थांबली की त्या चार दिवसांत गेल्या.

घरी सांगितलं. आत्या म्हणाली, "पुरवणी मागणाऱ्याने आधी मूळ पेपरात काहीतरी लिहिलेलं असावं." मला तिने अकरा वर्षांची होईपर्यंत घरीच शिकवलं. लहानपणी मी सतत आजारी, आई नाही, शाळा लांब. स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. तिथला एक नियम अजून अंगात आहे: खोडरबर नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, अशी की खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. प्रयोगशाळेतही तोच नियम निघाला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता.

२० मे

सात जगली.

आत्तापर्यंत निम्म्याहून जास्त मरायला हव्या होत्या. मागच्या वर्षी या सुमाराला डिश म्हणजे नुसता कचरा होता, तुटलेले धागे आणि गोळे. आज वकिलाने फोटो काढला तर आख्खं जाळं. लांबच लांब धागे, एकमेकींना धरून. वकिलाने डिशवरचा नंबर पुन्हा वाचला. मग म्हणाला, "ही सात आहे ना नक्की?" आणि स्वतःच हसला.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. फोटो अर्जाच्या पहिल्या पानावर जाणार आहे.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "आज मी कशी होते?" मी म्हटलं, "बरी होतीस." पण माझा चेहरा मला लपवता येत नाही. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचा हात थरथरत होता. आनंदाने असेल.

२४ मे

अर्जात एक प्रश्न आहे: पेशींच्या लाइनींची ओळख गेल्या वर्षभरात तपासली आहे का? मॅडमनी 'हो' लिहिलं.

"मॅडम, लाइनी बनवल्या तेव्हा तपासल्या होत्या. त्याला दोन वर्षं होऊन गेली."

"त्यानंतर त्या काय नाव बदलायला गेल्या का?"

मी म्हटलं, साधी चाचणी मी करते, खर्च काही नाही, रसायनं जुनी उरली आहेत. सात बाई, आठ पुरुष. पुरुषाच्या पेशीत वाय गुणसूत्र असतं, बाईच्या नाही. पेशींतला डीएनए जेल नावाच्या लिबलिबीत वडीत सोडायचा; वायची पट्टी दिसली की पुरुष, जागा कोरी की बाई. मॅडम म्हणाल्या कर. पण शेजारच्या विभागातलं यंत्र सोमवारशिवाय मोकळं नाही, आणि अर्ज शुक्रवारी जाणार. उत्तर 'हो'च राहिलं.

वकील म्हणतो, "शेवटी पट्टी बरोबरच येणार. तू उगीच सुतावरून स्वर्ग गाठतेस." मी म्हटलं, स्वर्ग नाही, मला फक्त झोप हवी आहे.

३ जून

आठच्या रकान्यात पट्टी. तुलनेसाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या रकान्यात काही नाही. सातच्या रकान्यात पट्टी. स्वच्छ, जाड, निर्लज्ज पट्टी.

४ जून

पुन्हा केलं. नवीन हातमोजे, नवीन पाणी, सातच्या तीन वेगवेगळ्या डिश. तिन्हीत पट्टी.

आत्याच्या डिशमध्ये बाबा बसलेत.

मग एकेक आठवत गेलं आणि मला खुर्चीत बसवेना. पिपेटचं टोक आठच्या डिशला टेकून पुन्हा त्याच बाटलीत गेलं असणार. एखादाच थेंब. त्या थेंबातल्या चार पेशी सातच्या डिशमध्ये पडल्या. निरोगी पेशी झपाट्याने वाढतात, आजारी मागे पडतात. काही आठवड्यांत घर पाहुण्याचं. सात सुधारली नव्हती, सात संपली होती. आणि मी फेब्रुवारीत इथेच काय लिहून ठेवलंय! काळजी घेतली की पेशीलासुद्धा कळतं म्हणे. त्या ओळीवर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं, दुर्दैवाने.

फतवा मॅडमचा होता. पण पाजणारा हात माझा.

५ जून

मॅडमना सांगितलं. त्यांनी जेलचा फोटो बघितला, उलटा करून बघितला, जणू उलट्या बाजूने वेगळा दिसेल.

"कुणाला बोललीस?"

"वकिलाला माहीत आहे."

"अर्ज गेलाय. आता दुरुस्ती पाठवली तर अर्ज बाद. निर्णय येऊ दे, पैसे येऊ देत, मग नव्याने स्वच्छ लाइन करू, सगळं पुन्हा करू, आणि तेव्हा कळवू. 'ब' काम करत असेलच."

"काम करतं हे आपल्याला माहीतच नाही, मॅडम. निरोगी पेशींना औषध दिलं आणि त्या जगल्या. त्या तशाही जगल्याच असत्या."

"तुला काय वाटतं, मला खोटं बोलायची हौस आहे?" त्यांचा आवाज चढला. "टाकी कोरडी पडली तर चाळीस माणसांची कातडी गेली. तुझ्या आत्याची गोठवलेली कुपीसुद्धा!"

बोलून त्या थांबल्या. सात म्हणजे माझी आत्या, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. मॅडमना कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

१९ जून

वकिलाशी भांडण. तो म्हणतो, दुरुस्ती नंतर पाठवणं हा गुन्हा नाही, उशीर आहे. मी म्हटलं, "खोट्या फोटोवर पैसे घ्यायचे आणि मग खरं सांगायचं, याला काय म्हणतात?"

"याला संशोधन म्हणतात, बाळ. दगडावरून दगडावर उड्या मारत नदी पार करायची."

"आणि दगड नसलाच तर?"

"तर शंकासुर बुडतो. बाकीचे पोहतात."

राग यावा असं तो बोलतो. उत्तर मला रात्री अंथरुणात सुचतं, तेव्हा उपयोग नसतो.

१ जुलै

मूळ अनुदान काल संपलं. मॅडम हल्ली बसने येतात. गाडी कुठे म्हटलं तर, "चालणं होतं थोडं." एवढ्या गडबडीत यांना तब्येत सुचते.

नायट्रोजनवाला आज येऊन टाकी भरून गेला. मला वाटलं चुकून आला. लेखा विभागाला फोन केला तर ते म्हणे, आमच्याकडून ऑर्डरच नाही. बिल कुणाच्या नावाने, त्यांनाही माहीत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पण टाकी भरली हे बरं झालं, मी काही विचारत बसले नाही.

८ जुलै

उद्या निधीवाल्यांची समिती पडद्यावरून बोलणार आहे. फोटो मी दाखवायचा, कारण पेशी मी सांभाळते आणि समितीला तरुण चेहरे आवडतात, असं मॅडम म्हणाल्या.

मी त्यांच्या खोलीत गेले. "मॅडम, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. फार थकलेल्या दिसत होत्या. "आणि कुणी विचारलंच नाही तर?"

मी परत माझ्या टेबलाशी आले. न विचारलेल्या प्रश्नाला गप्प बसणं म्हणजे खोटं का? आत्याने शिकवलं ते चुकल्यावर काय करायचं एवढंच. चूक कुणाच्या लक्षातच आली नाही तर काय करायचं, हा धडा आम्ही घेतलाच नव्हता.

उद्या मी बोलले तर मॅडमची सहा वर्षं गेली. वकिलाचा पगार गेला. आत्याची कुपी गेली. नाही बोलले तर आत्याला जे औषध मिळेल असं तिला वाटतंय, ते बाबांवर तपासलेलं असेल.

९ जुलै

कुणी विचारलं नाही.

पाच जण होते. फोटो लावला तेव्हा अध्यक्षबाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "फारच सुंदर." एकाने विचारलं हे किती दिवसांचं आहे, मी सांगितलं. दुसऱ्याने औषधाच्या मात्रेबद्दल विचारलं, मॅडमनी सांगितलं. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्याकडून एवढंच. अभिनंदन म्हणायला अजून वेळ आहे, पण..." आणि हसल्या. सगळे हसले. एकाने तर कॅमेरा बंदही केला.

"एक मिनिट," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच आत्याची आठवण झाली. "हा फोटो... हा सातचा नाही. म्हणजे डिश सातची आहे, पण..." पुढचा शब्दच येईना. पाच चेहरे बघतायत, वकील टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवतोय, आणि मी तोंड उघडं टाकून बसलेली.

मॅडमनी माइक स्वतःकडे ओढला. मला वाटलं, झालं, आता सारवासारव.

"ती सांगते ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सातच्या डिशमध्ये आठच्या पेशी मिसळल्या आणि सात संपली. अर्ज गेल्यानंतर कळलं, आणि तेव्हाच कळवायला हवं होतं. दोन लाइनींना एक बाटली वापरा हे मी सांगितलं होतं. हिने तेव्हाच नको म्हटलं होतं."

पडदा बंद झाला. मॅडम आपली पिशवी घेऊन बसस्टॉपकडे गेल्या. वकील म्हणाला, "बुडाला शंकासुर." मग थोड्या वेळाने, "चहा पितेस?"

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. नियम गेला खड्ड्यात. ती ऐकून घेत होती, चेहरा तसाच रुसल्यासारखा, आणि मला वाटलं ही आता रडेल. तर हळू आवाजात म्हणते, "लहानपणापासून माझ्या ताटातलं खातो हा. तिथेही सोडलं नाही मेल्याने!"

बाबा भांडी विसळत होते. "मी काय केलं आता?" इतक्या खऱ्या चेहऱ्याने म्हणाले की मला हसता हसता रडू आलं.

२ ऑगस्ट

नाकारला. दोन ओळी. पुढच्या फेरीत नव्या पुराव्यासह अर्ज करता येईल. प्रामाणिकपणाबद्दल एक शब्द नाही. तो असावा अशी माझी अपेक्षा होती हे आत्ता लिहिताना कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

६ ऑगस्ट

टाकीत सातची एकच कुपी आहे, एक बाटली व्हायच्या आधी गोठवलेली. ती वितळवली आणि जगली नाही, तर सात कायमची गेली. मॅडम म्हणाल्या, "तू वितळव."

"माझा हात चालेल का तुम्हाला?"

"तुझाच चालेल. आता तो घाबरलेला आहे."

कोमट पाण्यात कुपी धरली, बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत. डिशला लाल चिकटपट्टी. बाटलीला लाल चिकटपट्टी, म्हणजे ही फक्त सातची. हूडमध्ये, म्हणजे काम करायच्या निर्जंतुक काचपेटीत, त्या वेळी दुसरी एकही डिश नाही.

१२ ऑगस्ट

तीन पुंजके चिकटले. कोपऱ्यात, किरकिरे. मीडिया दुसऱ्या दिवशीही गुलाबी.

१७ सप्टेंबर

जेल केलं. सातचा रकाना कोरा. त्या रिकाम्या जागेकडे मी किती वेळ बघत होते ते वकिलाला विचारा. म्हणजे विचारता आलं असतं. तो आजच गेला, औषधाच्या एका कंपनीत. जाताना माझ्या टेबलावर त्याने आपला मोजणीचा टिकटिक करणारा काउंटर ठेवला. "तुला मोजायची परवानगी नाही, माहीत आहे. ज्याला असेल त्याला दे."

मीडियाच्या नव्या बाटल्या आल्या, प्रत्येक लाइनला एक. कुठून आल्या विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "आल्या ना? मग पाज." गाडी दुरुस्तीला दिली आहे का, मी विचारलं. "विकली गं," म्हणाल्या, आणि पुढच्या डिशकडे वळल्या. मी तिथेच बाटली हातात धरून उभी. टाकी कुणी भरली होती ते मला सप्टेंबरमध्ये कळतंय. लोक मला शंकेखोर म्हणतात.

या वेळी दोन्ही प्रकारच्या डिश लावल्या आहेत. 'ब' दिलेल्या आणि न दिलेल्या.

२९ नोव्हेंबर

सात मरते आहे.

आठवड्याभरापूर्वी धागे तुटायला लागले. आज गोळे. अगदी वेळेवर, मागच्या वर्षी मेल्या तशा. मॅडम स्वतः मोजत होत्या, वकिलाचा काउंटर घेऊन, चष्मा कपाळावर. आधी बिनऔषधाच्या, मग 'ब' दिलेल्या. मोजून झाल्यावर त्यांनी काउंटर हळूच टेबलावर ठेवला.

"सारख्याच. 'ब'चा काडीचा उपयोग नाही."

सहा वर्षं आणि एक गाडी. मॅडमच पुढे म्हणाल्या, "पण आता हे नक्की माहीत आहे. जानेवारीच्या फेरीत नाही म्हणायची पाळी त्यांची, मागायची आपली. मरणाऱ्या सातचा फोटो पहिल्या पानावर लावू." मग माझ्याकडे बघून, "घरी विचारतात ना तुला रोज? खरं सांगत जा."

बसमध्ये मला एक लाजिरवाणी गोष्ट जाणवली. गोळे झालेल्या त्या डिश बघून मला आनंद झाला होता. हिला हरवलं नव्हतं मी. ही तीच होती.

घरी आत्या नि बाबा जेवत होते. आत्याने दोन घास खाऊन हात मागे घेतला होता, आणि तिला ताट टाकावं लागू नये म्हणून बाबा मुकाट्याने तिचं उरलेलं आपल्याकडे ओढत होते. जानेवारीपासून मी यावरून त्यांना ओरडते आहे.

जेवण झाल्यावर चहा. कप बशीवर वाजत होता.

"आज मी कशी होते?"

"बरी होतीस" जिभेवर आलंच होतं. मी थांबले.

"वाईट होतीस, आत्या. अगदी तुझ्यासारखी. आणि औषधाने काही झालं नाही."

तिचा चेहरा हलला नाही. तो आता फारसा हलत नाही, हे मी वर्षभर रुसवा म्हणून लिहीत आले. मग तिचे खांदे हलले आणि मला कळलं की ती हसते आहे.

"चला," ती म्हणाली, "निदान पत्ता तरी बरोबर लागला."

आणि वाजणारा कप तिने दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला.

"हा जरा धर गं. मला एकटीला जमत नाही."

मी धरला.